चौदावा प्रश्न

फॉर्मातल्या तेरा प्रश्नांची उत्तरं शेषरावानं एका बैठकीत लिहून टाकली. देवी आल्या होत्या का? नाही. घरात क्षयाचा रोगी? नाही. डोळ्यांनी कमी दिसतं का? चष्मा लावल्यावर नाही. चौदाव्या प्रश्नापाशी मात्र त्याचं पेन अडलं. शौच नियमित होतं का? पुढे छापलेले शब्द दोनच, 'हो' आणि 'नाही'. नको असेल तो खोडायचा.

शेषराव कारखान्याच्या स्टोअर ऑफिसात कारकून होता. एक वर्ष कच्च्या नोकरीत काढल्यावर आता त्याचं नाव पक्क्यासाठी वर गेलं होतं. मधे उरली होती ती एवढी डॉक्टरी तपासणी, पुढच्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता. पास झाला की नोकरी पक्की आणि सेक्टर दोनमधलं हे दोन खोल्यांचं क्वार्टरही पक्कं. नापास झाला तर? त्या 'तर'पर्यंत शेषराव रोज जायचा आणि तिथूनच घाबरून परत फिरायचा.

"हो लिहून टाका ना जी," सिगडीला वारा घालता घालता त्याची बायको सत्यभामा म्हणाली.

"खाली सही करा लागते. माहिती खोटी निघाली तर काढून टाकू, असं छापून हाय त्याच्यात."

"तुमच्या पोटात कोण जाऊन पायते?"

"डॉक्टर पायते. दाबून पायते."

तेरा महिन्यांपूर्वी हे जोडपं भिलाईला आलं, तेव्हापासून शेषरावाचं पोट त्याच्याशी अबोला धरून होतं. आठवड्यातून दोनदा, तेही मिनतवाऱ्या केल्यावर. त्यानं हिरडा घेतला, त्रिफळा घेतला, पावर हाउस भागातल्या बाजारातून इसबगोल आणला. एरंडेलानं एकदाच काम केलं, पण ते असं केलं की त्याला रजेचा अर्ज द्यावा लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून पोट पुन्हा संपावर.

दुसरा कोणी असता तर वैद्याकडे गेला असता. शेषराव ग्रंथालयात गेला. तिथून त्यानं आतड्यांच्या रोगांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं, कोणाला नाव दिसू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि जेवणाच्या सुटीत मान खाली घालून वाचू लागला. शेजारच्या टेबलावरच्या बळीरामानं परस्पर ठरवलं की हा खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिला. त्यानं ते हेडक्लार्कच्या कानावर घातलं आणि हेडक्लार्कनं चार लोकांसमोर शेषरावाची पाठ थोपटली. तेव्हापासून शेषरावाला परीक्षेचीही धास्ती बसली.

पुस्तकात लिहिलं होतं ते असं. आतड्याकडून वेळेवर निरोप येतो. माणसानं तो ऐकला नाही की तो परत जातो. पुन्हा येतो, पुन्हा परततो. असं वर्षभर चाललं की आतडं ताणून सैल पडतं, त्याची जाण बोथट होते आणि मग आत कितीही साचलं तरी ते निरोप धाडत नाही. शेषरावाला हे लगेच पटलं, कारण तो कचेरीतला माणूस होता. ज्याच्या अर्जाला उत्तर येत नाही तो दोनदा अर्ज करतो, तीनदा करतो, मग करायचं सोडतो. सातव्या प्रकरणाच्या शेवटी म्हटलं होतं की फार काळ लोटल्यास ही जाण कदाचित परत येणार नाही. त्यातलं 'कदाचित' शेषरावाच्या डोळ्यांना दिसलं, मनात काही शिरलं नाही.

मग त्यानं स्वतःवरच संशोधन सुरू केलं. शंभर पानी वही घेतली, स्टोअरच्या रजिस्टरासारखे रकाने आखले : तारीख, अन्न, औषध, निकाल, शेरा. निकालाच्या रकान्यात चार महिने 'नाही' आणि 'अल्प' यांचंच राज्य होतं. 'उत्तम' हा शब्द फक्त तीनदा आला होता. फॉर्म हातात आला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी मंगळवारी संध्याकाळी, शेषरावाच्या ध्यानात आलं की ते तिन्ही दिवस सासुरवाडीचे आहेत. दोन दिवाळीचे आणि एक मेहुणीच्या, हिराच्या, साक्षगंधाचा म्हणजे साखरपुड्याचा.

सासुरवाडी चार मैलांवर, भिलाई-३ ला. सासरे देवराव रेल्वेत सिग्नल ओढणारे केबिनमन होते आणि रुळांच्या अगदी कडेच्या क्वार्टरात राहत. शेषराव तिथलं एकेक आठवू लागला. सासूबाईंची जवसाची चटणी? ती सत्यभामा इथेही करायची. अंबाडीची भाजी? तीही झाली होती, निकाल 'अल्प'. मग त्याला तिथलं मागच्या बाजूचं संडास आठवलं. आपण आत बसलो होतो, पहाटेची मालगाडी आली, दाराची कडी खडखडली, पायाखालची फरशी थरथरली, आणि...

शेषराव खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याचं सगळं बालपण तर रेल्वे लाइनीत, रुळांकडेच्या क्वार्टरांत गेलं होतं.

त्याचे वडील आमगावच्या पलीकडे एका लहानशा स्टेशनात गँगमन होते. सहा कुटुंबं आणि संडास एक. घड्याळ फक्त स्टेशनमास्तरकडे. म्हणून लाइनीतल्या बायाबापड्यांनी गाड्यांवर पाळ्या लावल्या होत्या. पॅसेंजरला म्हाताऱ्यांची पाळी, पार्सल गाडीला बायांची, आणि पहाटेच्या मालगाडीला शेषरावाच्या घरची. इंजिन शिटी देईल तेव्हा आत जायचं आणि गार्डाचा डबा पुढे जाईपर्यंत बाहेर यायचं. वीस वर्षं शेषरावाचं पोट त्या मालगाडीच्या वेळापत्रकावर चाललं, आणि गाडी लेट असली की पोटही लेट. सेक्टर दोनमध्ये मात्र गाडीचा आवाज पोचत नव्हता. आतड्याचा काही दोष नव्हता. ते बिचारं सिग्नल पडायची वाट पाहत तेरा महिने स्टेशनाबाहेर आउटरला उभं होतं.

बुधवारी पहाटे चारला शेषराव उठला, मफलर गुंडाळला आणि सायकल काढली. सत्यभामेला त्यानं सांगितलं की सकाळी हिंडून आलेलं बरं असं पुस्तकात दिलं आहे. ते खोटं नव्हतं, पुस्तकात तसं होतंच. पौषातल्या थंडीत पावर हाउसवरून चार मैल पायडल मारत तो पाचच्या आधी भिलाई-३ ला पोचला, सायकल कुंपणाला टेकवली आणि मागच्या बाजूला वळणार इतक्यात दार उघडलं.

"अगोबाई, जावाईबापू!" सासूबाई, तुळसाबाई, अंगण झाडायला बाहेर आल्या होत्या.

जावई दारात आला आणि पाणीसुद्धा न घेता मागच्या बाजूला गेला, असं तुळसाबाईंच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, घरात बाज टाकली, वर सतरंजी घातली, हिराला उठवून सिगडी पेटवायला लावली. देवराव केबिनवरून नुकतेच आले होते, ते टोपी घालून समोर बसले. काय काम काढलं ते जावयाला लगेच विचारायचं नसतं, म्हणून त्यांनी थंडीविषयी विचारलं. मग कारखान्याविषयी. मग पुन्हा थंडीविषयी. शेषरावाच्या एका हातात चहाची कपबशी आणि दुसऱ्या हातात चिवड्याची ताटली असतानाच मालगाडी आली. भिंत थरथरली, बशी वाजू लागली, आणि शेषराव खिडकीतून गार्डाचा लाल दिवा जाताना पाहत राहिला.

"कसं काय येणं केलं?" गाडी गेल्यावर देवरावांनी अखेर विचारलं.

"काही नाही मामाजी. सहज."

पौषात, पहाटे पाचला, चार मैल, सहज.

गुरुवारीही तो 'सहज' आला. या वेळी शिरा होता. शिरा खाताना गाडी गेली. तुळसाबाईंनी पोरीचं कसं काय चाललं आहे असं विचारलं, तेव्हा शेषराव "बरं आहे" म्हणाला. पण तेव्हा त्याचं लक्ष दूर जाणाऱ्या डब्यांकडे होतं आणि आवाज इतका खोल गेला होता की तुळसाबाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं. पोट्टीनं काहीतरी केलं आहे. किंवा जावयाच्या मनात काहीतरी आहे. तो सांगायला येतो आणि भिडेपोटी न सांगता परत जातो.

शुक्रवारी शेषरावानं जिवाचा हिय्या केला. तीनच दिवस उरले होते. अंगणात पाय ठेवताच मान खाली घालून तो म्हणाला, "मामाजी, मी जरा मागं जाऊन येतो."

देवराव समजूतदार गृहस्थ होते. त्या संडासावर शेजारच्या चार बिऱ्हाडांचा वहिवाटीचा हक्क होता आणि पहाटे तिथे डबे घेऊन माणसं उभी असत. देवरावांनी पुढे होऊन सगळ्यांना हाताच्या खुणेनं परत पाठवलं. "जावाईबापू हायत आत," ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि स्वतः वीस पावलांवर, पाठ करून, कोणी येऊ नये म्हणून पहाऱ्याला उभे राहिले. शेषरावाच्या वाट्याला असा मान आयुष्यात आला नव्हता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बरोबर वेळेवर शिटी झाली. गाडी आली, कडी खडखडली, फरशी थरथरली. पन्नास डबे गेले, शेषरावानं ते मोजले. गार्डाचा डबाही गेला.

काहीच झालं नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सातवं प्रकरण होतं. सिग्नल पडला, गाडी गेली, तरी आतडं हललं नाही, म्हणजे जाण गेली, कायमची. तो चहासुद्धा न घेता सायकलवर बसला. तुळसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शनिवारी तो गेला नाही. तो आला तेव्हा देवरावांना जेवढी काळजी वाटली, त्याच्या दुप्पट तो आला नाही तेव्हा वाटली.

रविवारी दुपारी सेक्टर दोनच्या क्वार्टरासमोर सायकल रिक्षा थांबली आणि तिच्यामागे दुसरी थांबली. देवराव उतरले, तुळसाबाई उतरल्या, हिरा उतरली. देवरावांची बहीण भागाबाई उतरली, आणि तिचा नवरा नत्थू, रेल्वेतून मुकादम म्हणून निवृत्त झालेला आणि आता नातलगांची भांडणं मिटवण्यात दिवस घालवणारा, हातात काठी घेऊन उतरला.

सतरंजीवर सगळे बसले. सत्यभामेला कशाचाच पत्ता नव्हता, ती सगळ्यांकडे पाहत उभी राहिली. नत्थूनं घसा साफ केला आणि संसारात भांड्याला भांडं लागतंच, इथपासून सुरुवात केली. नवऱ्यानं बायकोचं चुकलं तर तिला सांगावं, तिच्या आईबापाच्या दारात तीन दिवस पहाटे येऊन मुकाट्यानं बसणं हे काही खरं नाही, असं तो म्हणाला. सत्यभामेनं नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"तुमी माह्या माहेरी जात होते?"

शेषराव सतरंजीवरची रेघ पाहू लागला.

"हिंडाले जातो म्हणून सांगत होते ना मले? काहून गेले होते? काय सांगाचं होतं माह्याबद्दल?"

"तुह्याबद्दल काही नाही."

"मंग कोणाबद्दल?"

एकच वाक्य. तेवढं बोललं की सगळं मिटलं असतं. पण समोर सासू होती, मेहुणी होती, सासऱ्याची बहीण होती, आणि शेषराव असा माणूस होता की ज्यानं डॉक्टरपुढेसुद्धा ते वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "उद्या माझी तपासणी हाय. नोकरी राहते का जाते, ते उद्या समजन."

हे ऐकून सगळे गंभीर झाले. एकाची दोन संकटं झाली, आता भांडणामागे नोकरीही आली. नत्थूनं काठी भिंतीला टेकवली आणि निकाल दिला, "मामला मिटल्याबिगर आमी काही हालत नाही. भागा, वळकट्या आत घे."

सात माणसांचा स्वयंपाक सत्यभामेनं त्या रात्री भांडी आदळत केला.

सोमवार उजाडला तो नळाच्या पाण्याबरोबर. नळ पाचला यायचा आणि सहाला जायचा, माणसं सात, आणि संडास एक. देवरावांसारख्या केबिनमनला अशा वेळी काही सांगावं लागत नाही. त्यांनी दाराशी उभं राहून कोणाची गाडी कोणत्या नंबरानं सोडायची ते ठरवून दिलं. पहिली भागाबाई, मग ते स्वतः, मग शेषराव. आज नत्थूच्या हुकमानं जावयाला वेगळी वागणूक नव्हती. भांडण मिटेपर्यंत सगळे सारखे.

शेषराव नंबर लागला म्हणून आत गेला. आशा नव्हतीच. फॉर्ममधलं 'हो' खोडायचं, की 'नाही' खोडून देवावर भार टाकायचा, एवढाच विचार करत तो बसला. बाहेर नत्थू डबा घेऊन आला आणि जाड आवाजात खोकला. मग पुन्हा खोकला. मग पायांची चुळबूळ ऐकू आली.

"कोण हाय जी आत?" तुळसाबाईंचा आवाज.

"जावाईबापू," हिरा म्हणाली. "कवाचे गेले."

"पाणी चाललं जाईन ना बाप्पा."

कोणीतरी कडी खडखडवली. मग काठी दारावर वाजली, एकदा, दोनदा, आणि नत्थू सगळी भीड सोडून ओरडला, "ओ बापू, आटपा ना जी लवकर! मागं गाड्या खोळंबल्या!"

शेषराव एकदम नऊ वर्षांचा झाला. बाहेर सहा कुटुंबं उभी होती, गार्डाचा डबा जवळ येत होता, आणि वेळ अजिबात नव्हता. आणि तेरा महिने मुकं असलेलं आतडं घाबरून, धडपडून, जागं झालं.

तो बाहेर आला तेव्हा नत्थूला एवढी घाई होती की त्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पण तुळसाबाईंनी पाहिलं.

"हासून राहिले," त्या हळूच देवरावांना म्हणाल्या.

शेषराव सरळ आत गेला. आधी त्यानं वही काढली. निकालाच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं : 'गाडी नव्हे. दार वाजणे.' मग फॉर्म काढला आणि चौदाव्या प्रश्नातलं 'नाही' पट्टी लावून खोडलं. वही तशीच उघडी टाकून, आंघोळ करून तो तपासणीला गेला.

डॉक्टरनं डोळे पाहिले, दात पाहिले, छातीला नळी लावली आणि फॉर्म न उलटता शिक्का मारला. शेषराव जाईना. त्याच्या मनाला चुटपुट लागली होती. एका दिवसाच्या बळावर 'हो' म्हणणं खरं आहे का? तो चाचरत म्हणाला, "साहब, वो चौदा नंबर..."

"चौदा नंबर कोई नहीं पढ़ता, बाबू," डॉक्टर म्हणाला. "नेक्स्ट."

नोकरी पक्की झाल्याचं कळल्यावर नत्थूनं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. देवरावांनी निघायची तयारी केली, तेव्हा शेषरावानं त्यांच्या हातातली वळकटी काढून घेतली.

"राहा ना मामाजी. अजून चार दिवस राहा."

जावई एवढा आग्रह करतो म्हटल्यावर तुळसाबाईंना पुन्हा रडू आलं. पाहुणे गुरुवारपर्यंत राहिले. मंगळवार उत्तम, बुधवार उत्तम, गुरुवार उत्तम. गुरुवारी संध्याकाळी शेषराव त्यांना सोडायला रिक्षापर्यंत गेला आणि रिक्षा वळणाआड गेली तरी तिथेच उभा राहिला. नत्थूला वाटलं असेल, किती माया आहे या माणसाची.

शुक्रवारी पहाटे पाचला घर चिडीचूप होतं. नळ वाहत होता आणि तो कोणालाच नको होता. शेषराव आत जाऊन बसला आणि त्याला जुनी धास्ती येऊन भेटली. नोकरी पक्की झाली होती, म्हणजे हे क्वार्टर आता तीस वर्षं आपलंच, हे संडास तीस वर्षं आपलंच, आणि बाहेर तीस वर्षं कोणीच नाही.

तेवढ्यात पावलं वाजली. कोणीतरी जाड आवाज काढून खोकलं. डबा खाली आपटला. मग कडी खडखडली.

"कवाचे आत गेले हो!" हे हिराच्या सुरात होतं. मग घसा खरवडून नत्थूच्या सुरात, "आटपा ना जी लवकर, मागं माणसं खोळंबले."

शेवटल्या शब्दाला तिला हसू आवरलं नाही, तेव्हा तो आवाज सत्यभामेचा झाला. सोमवारी उघडी राहिलेली वही तिनं वाचली होती.

रांगेत एकटी तीच उभी आहे, हे शेषरावाला पुरतं ठाऊक होतं.

"आलो, आलो," तो म्हणाला, आणि घाई केली.